राखाडीकाकांचा वॉलपेपर

आमच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर चार कॉम्प्युटर होते, आणि कोण कुठे बसतं हे सांगायला पाटीची गरज नव्हती. दाराजवळच्या पडद्यावर हिशेबनीसबाईंची लेक, जावई आणि त्यांची नवी गाडी, गाडी मध्यभागी. त्याच्या शेजारी मालकांच्या भाच्याची मोटरसायकल, जी त्याने अजून घेतलेलीच नव्हती. माझ्याकडे समुद्र. कंटाळा आला की मी समुद्र काढून डोंगर लावायची, आणि मालकांशी वाजलं की वाळवंट. खिडकीपासून लांब, कोपऱ्यातल्या पडद्यावर मात्र काहीच नसायचं. नुसता राखाडी रंग. तो राखाडीकाकांचा.

हे नाव मीच पाडलं होतं आणि त्यांना ते आवडायचं. काका रंग जुळवायचे. फोटो छपाईला जाण्याआधी त्यातली कातडी कातडीसारखी आणि टोमॅटो टोमॅटोसारखा दिसतोय ना, हे बघणं त्यांचं काम. शेजारी भडक काही असलं की डोळा फसतो, म्हणून फोटोच्या मागे राखाडीच हवं, असं ते म्हणायचे. माझ्या समुद्राकडे ते असं नाक मुरडून बघायचे, जणू मी ऑफिसात ओला टॉवेल वाळत घातलाय.

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या नातीने एक मांजर रंगवलं होतं आणि ते आजोबांच्या कॉम्प्युटरवर लावायचा तिचा हट्ट होता. काकूंनी रदबदली केली, पण काका बधले नाहीत.

"आजोबा, तुमचा कॉम्प्युटर बंद पडल्यासारखा दिसतो," नात म्हणाली. हे त्यांनी आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि राखाडी तसंच ठेवलं.

एका सकाळी काका खुर्चीवर बसले आणि मागे न वळता म्हणाले, "माझ्या राखाडीला हात कोणी लावला?"

आम्ही सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

"पिवळट केलंय कोणीतरी. थट्टा घरी करा. इथे मला काम असतं."

भाच्यावर संशय गेला, कारण तो नेहमीच जायचा. त्याने शपथा घेतल्या. मग दुरुस्तीवाला आला, वायरी हलवून गेला. पडदा बदलला, तरी काकांचं आपलं पिवळट ते पिवळटच. मला तर ते स्वच्छ राखाडी दिसत होतं. मी तसं म्हणाले, तर म्हणाले, "तुला समुद्राची सवय. तुला काय कळणार?" मला राग आला, आणि मी त्या दिवशी वाळवंट लावलं.

त्याच आठवड्यात लहान मुलांच्या कपड्यांचा कॅटलॉग छापून आला. मालकांनी पहिली प्रत उघडली. सगळी बाळं निळसर होती. झबली सुंदर, टोपरी सुंदर, आणि आतली बाळं गार पाण्यातून काढल्यासारखी. काकांनी फोटोंत नसलेला पिवळेपणा काढून टाकला होता. आजवर त्यांच्या हातून गेलेलं पान पुन्हा तपासायची कोणाला गरज पडली नव्हती, म्हणून हेही कोणी तपासलं नाही.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "काका, जरा बघा हो," आणि खाली निघून गेले.

काकांनी खणातून एक राखाडी पुठ्ठा काढला. रंगाची खात्री करायला ठेवलेला, त्यांच्या नोकरीइतकाच जुना. तो घेऊन ते खिडकीशी गेले. त्यांनी उजवा डोळा झाकून पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. मग पुन्हा उजवा.

"पडदा बरोबर आहे," ते म्हणाले. "भाचेबुवा, माफ करा."

डॉक्टरांनी सांगितलं ते काकूंच्या फोनवरून आम्हाला कळलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं होतं, उजव्यात पुढे गेलेलं, डाव्यात सुरू झालेलं. वाचता येईल, चालता-फिरता येईल, पण रंग असेच विटत जातील. या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावंसं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

रजा संपवून काका आले ते थेट माझ्या टेबलाशी. "ऊठ," म्हणाले. माझा समुद्र त्यांनी स्वतः काढला आणि राखाडी लावलं. "रंग आता तू जुळवायचे. डोळ्याने ठरवू नकोस. लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे सारखे ठेव, की राखाडी शुद्ध. आकडे म्हातारे होत नाहीत."

"काका, मला नाही जमणार."

"वर्षभर नाहीच जमणार. मालकांना तसं सांगितलंय मी. मी आता मजकूर तपासणार. काळी अक्षरं, पांढरा कागद. तेवढं दिसतं मला."

मग ते कोपऱ्यात जाऊन बसले. जरा वेळाने मान वर केली, तर त्यांच्या पडद्यावर नातीचं मांजर होतं. पडदाभर, भडक, मिशा डोळ्यांच्याही वर, शेपूट चौकटीबाहेर गेलेली. हिशेबनीसबाईंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दुपारी मी पानं द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"हे मांजर केशरी आहे ना गं?"

"हो काका. चांगलं भडक केशरी."

"मला मातकट दिसतं," ते हळूच म्हणाले. "पण नातीला मी केशरीच म्हणालोय. तू कधी घरी आलीस तर तेवढं सांभाळून घे."