शेवट आधी लिही

ऑफिसात त्याला सगळे कथेकरी म्हणत. कानात घालायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तो जाहिरातीची पत्रं लिहायचा. चारपानी, टपालानं घरोघर जाणारी. जाहिरात आहे हे कळलं की लोक पत्र पुढं न वाचताच फेकून देतात, म्हणून तो तिसऱ्या पानापर्यंत यंत्राचं नावच काढत नसे. आधी एक माणूस उभा करायचा, मग त्याची अडचण, आणि ऐन मोक्याला पान संपवायचं. "लोकांना वस्तू नको असते," तो म्हणायचा, "पुढं काय झालं ते हवं असतं."

त्याचं सगळ्यात गाजलेलं पत्र एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तिला दाराची बेल ऐकू येत नाही. जेवताना सगळे हसले की तीही हसते, पण जरा उशिरा. नात काहीतरी विचारते, तेव्हा ती नेहमीसारखं "हो, हो" म्हणते. नातीनं विचारलेलं असतं, "आजी, मी तुला आवडत नाही का?" शेवटी मुलगा यंत्र आणतो आणि सगळं ठीक होतं. या पत्रानं इतकी मागणी आणली की आलेलं टपाल फोडायला दोन माणसं जास्त घ्यावी लागली.

ती बाई त्याची आई होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. दर रविवारी तो बायको-मुलीला घेऊन तिच्याकडे जेवायला जायचा. तिचं उशिरा हसणं त्यानं तिथंच पाहिलं आणि कामासाठी लक्षात ठेवलं. तिला यंत्र मात्र नेऊन दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, म्हणता म्हणता चार वर्षं गेली. पिकतं तिथं विकत नाही, ते हे असं.

कंपनी सत्तरीच्या पुढच्या लोकांचे पत्ते मिळवून त्यांना पत्रं धाडायची. एका रविवारी तो जरा आधी, एकटाच पोचला, तर ते पत्र आईच्या टेबलावर उघडं पडलेलं, त्यावर तिचा चष्मा.

"ही मीच ना रे?" आईनं विचारलं. अलीकडं ती मोठ्यानं बोलायची, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.

त्यानं हो म्हणून मान हलवली.

"छान लिहिलंयस. पुढं काय होतं म्हणून मी वाचतच गेले." तिनं शेवटचं पान उलटलं. "यातल्या मुलानं यंत्र आणलंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आणि मी उशिरा हसते, ते तुम्हाला दिसायचं होय? मला वाटायचं, कुणाला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की बोट वर करायचं होतं. बाहेर त्याला तपासणीच्या यंत्राचा दिवा दिसत होता, आवाज सोडला की लागणारा. दिवा लागलेला नसतानाही आई मधूनमधून बोट वर करत होती, शाळेत उत्तर येत नसताना मुलं करतात तसं.

"खूप उशीर केलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज पोचेल त्यांच्यापर्यंत. पण शब्द ओळखायची सवय मोडलीय."

तीन आठवडे तिनं यंत्र लावलं. चमचा पडला तरी भांड्यांची उतरंड कोसळल्यासारखं व्हायचं, आणि माणसांचं बोलणं म्हणजे नुसता कालवा. "गर्दी होते रे डोक्यात," म्हणत तिनं ते डबीत ठेवून दिलं.

मग त्यानं तिच्यासाठी लिहायला घेतलं. ऑफिस सुटलं की तिच्याकडे जायचं आणि जाड टोकाच्या पेनानं, मोठ्या अक्षरांत दिवसभराचं लिहायचं. पहिल्या दिवशी जुन्या सवयीनं लिहून गेला, "सकाळी फोन वाजला. पलीकडं ताई होती, आणि तिचा आवाज कापत होता..." आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं घाईनं कागद उलटला. मागे एवढंच होतं की ताईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, बढती मिळाली.

"शेवट आधी लिही," आई म्हणाली. "या वयात ताटकळत ठेवू नकोस मला. सगळे बरे आहेत, हे पहिल्या ओळीत. मग लाव हवं तेवढं पाल्हाळ."

तेव्हापासून प्रत्येक कागद "सगळे बरे आहेत" असा सुरू व्हायचा. मग साहेबांची चिडचिड, मुलीचा पडलेला दात, बायकोनं फाडलेली जुनी चादर. आई ओठ हलवत वाचायची, मोठ्यानं विचारायची, तो लिहून उत्तर द्यायचा. इतकं त्यानं आईला जन्मात सांगितलं नव्हतं.

एकदा तिनं बराच वेळ कागद हातात धरून ठेवला. मग तिच्या मानानं हळूच विचारलं, "पोरगी खरंच तसं म्हणाली होती? मी आवडत नाही का, असं?"

त्यानं लिहिलं, "नाही. ते मी रचलं होतं."

आईनं ते दोनदा वाचलं. "बरं झालं सांगितलंस. एवढे महिने रोज आठवत होते, कधी विचारलं असेल तिनं, आणि मी हो म्हणून बसले."

तो पुन्हा लिहायला वाकला. तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

थंडी सरता सरता आई न्यूमोनियानं गेली. चार दिवसांचं दुखणं. शेवटी डोळे उघडे होते, पण कागद वाचायचं त्राण नव्हतं. तो हात धरून बसला.

कामावर परतल्यावर त्यानं ते पत्र बंद करायची विनंती केली. साहेब वाईट माणूस नव्हता. "मजकूर कंपनीचा आहे," तो म्हणाला, "आणि चालतोय." निदान वर एक ओळ घाला, उशीर केला तर यंत्राचाही उपयोग होत नाही, असं त्यानं सुचवलं. "असं आपणच छापायचं?" साहेबानं विचारलं. पत्र होतं तसंच जात राहिलं. त्यानं काम बदलून मागितलं. आता तो यंत्राबरोबरची माहितीपत्रकं लिहितो. सेल कसा बदलायचा, मळ कसा पुसायचा.

परवा ताईचा फोन आला होता. बोलता बोलता तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "काय म्हणालास?" आणि हसून म्हणाली, "तुझी लाइन खराब आहे."

"लाइन चांगली आहे, ताई," तो मोठ्यानं म्हणाला. "उद्या सकाळी येतो. आपण कान दाखवून येऊ."