उसनं दुःख

माझी आत्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समुपदेशन शिकवते. तिच्या सरावाच्या खोलीत दोन खुर्च्या जरा तिरक्या मांडलेल्या असतात, मध्ये टेबल नाही. घड्याळ समोर बसणाऱ्याच्या डोक्यामागे; म्हणजे मनगटाकडे बघून कुणाचा अपमान होत नाही. नियम एकच: सरावाला स्वतःचं दुःख आणायचं नाही, उसनं आणायचं. म्हणूनच मलाही कोपऱ्यात बसू देतात.

आणि काय एकेक नमुने! एकजण ज्याच्यात्याच्या बालपणात खणायला निघतो, "आई रागावायच्या काऽऽ?" दुसरी प्रत्येक विचाराचा पुरावा मागते, थेट फौजदार. तिसरा नुसता ऐकतो, "हं... हंऽऽ". आत्या म्हणते, "तिन्ही वाटा खऱ्या आहेत गं. हे अजून पायाकडे बघत चालतायत, एवढंच."

घरी मात्र सगळे तिच्यावर चिडलेले. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा, बस चालवतात. चालवायचे. बससमोर एक मूल आलं, ब्रेक लागला, मूल हसत पळूनही गेलं. पण तेव्हापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. विचारलं की, "पाठ धरलीये." नोकरी जायची वेळ आली, तेव्हा आई फणकारली, "जगाच्या मनात शिरता वन्सं, आणि सख्ख्या भावापुढे तोंड शिवलंय?"

"बहीण म्हणून हवं तेवढं बोलेन," आत्या म्हणाली. "समुपदेशक म्हणून नाही. दोन्ही व्हायला गेले, तर दादाला धड एकही मिळायची नाही."

शनिवारी ती डबा विसरली, म्हणून बाबा आणि मी तो द्यायला गेलो. सरावाला उसनं दुःख घेऊन समोर बसणारा शिपाई त्या दिवशी आजारी. 'हं-हं'वाला रिकाम्या खुर्चीसमोर घामाघूम.

"मी बसू?" बाबा म्हणाले. "न्हावी बनतो. वस्तरा धरला की हात थरथरतो. चालेल?"

"उसनंच ना, दादा?"

"अगदी!"

बाबांनी न्हावी काय झकास वठवला! नकला माझ्यात आल्या त्या कुठून, ते कळलंच.

"गिऱ्हाईकाची मान समोर येते..."

"हं."

"...आणि मी वस्तरा लावणार, एवढ्यात..."

मी तोंड दाबून हसत होते. आत्या बाबांच्या पायाकडे बघत होती. उजवा पाय जीव खाऊन फरशी दाबत होता.

"थांबा," ती म्हणाली. "दादा, हे उसनं नाही."

बाबांनी खाली पाहिलं.

"पाठ नाही धरलेली," ते म्हणाले. त्या आवाजाची नक्कल मला जन्मात जमणार नाही.

आता आत्या बोलणार, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. तिने फक्त त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पलीकडच्या खोलीत एक समुपदेशक सर बसतात. आपले नात्यातले ना गोत्यातले. विचारू त्यांना?"

बाबांनी मान डोलावली.

दार लागलं. ज्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, ते काम आत चाललेलं, तेही तिच्या भावासाठी, आणि ही बाहेर बाकावर! माणसाला एवढं गप्प बसता येतं?

"काय बोलत असतील गं?"

"ते त्यांचं." तिने डबा उघडला. "घे, अर्धा तुझा."

मी माझा अर्धा संपवला. तिने घास उचलला, तो दार उघडेपर्यंत हातातच होता.

"पुढच्या आठवड्यात परत यायचंय मला," बाबा बाहेर येऊन म्हणाले. मग तिच्या हाताकडे बघून, "अजून जेवली नाहीस होय गं?"