आलेय असं धरा

"सर, मी आलेय असं धरा हं!"

दारातूनच ओरडायची, वाकून हजेरीपटावर सही ठोकायची आणि घाटकोपर स्टेशनकडे पळत सुटायची. दोन वर्षं हाच प्रकार.

गिरण्यांच्या संपानंतरचे दिवस ते. माझा टायपिंगचा क्लास होता. आठ मशिनं, एक पंखा आणि कपाळावर आठी घेऊन बसलेला मी. तुम्हीही तेव्हा अशा क्लासात बोटं बडवली असतील, तर माझ्यासारखा खवट मास्तर तुम्हाला ठाऊक असेल. ही पोरगी मात्र बोटं बडवायला यायचीच नाही. घरी टायपिंग-शॉर्टहँड मिळून तीन तासांचा क्लास सांगितलेला आणि ती असायची दादरच्या संगीत महाविद्यालयात.

"सर, मला शाळेत गाण्याचा तास घ्यायचाय," ती म्हणायची. "पदवी हातात असली की बाबा पण गप्प बसतील."

घरात गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. वडिलांची गिरणी गेली होती, आता ते अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमन होते. मुलीने टायपिस्ट व्हावं, दोन घास सुखाचे खावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजची फी ती भजनी मंडळातल्या बायकांना पेटी शिकवून भरायची.

"अगं बाई, हे एक दिवस माझ्या अंगाशी येणार!"

"नाही येणार हो सर. तुम्ही देवमाणूस!"

देवमाणूस म्हणे! पण मी विरघळायचो. एकदा कॉलेजला सुट्टी होती म्हणून बसली होती मशीनपुढे. पेटीवर ठेवावीत तशी बोटं ठेवली आणि हलकेच गायला लागली. एकेक करत सगळी मशिनं थांबली. मशीन थांबलं की खेकसणारा मी, त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून ती मला माझीच मुलगी वाटायला लागली.

मग एका संध्याकाळी तिचे वडील आले. खाकी कपडे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"मास्तरानू, माझां चेडू नीट शिकता मा?"

"झकास!" मी बोलून गेलो. "चाळीसचा स्पीड आहे तिचा."

त्यांनी हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे.

आठ दिवसांनी ती आली ती पांढरीफटक. वडिलांनी साहेबाचे पाय धरून त्याच कारखान्यात टायपिस्टची जागा मिळवली होती. सोमवारी अकराला टेस्ट, आणि वडील गेटवरच उभे. त्याच सोमवारी तिची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. अकराला हजर व्हायचं, नंबर लागेल तेव्हा गायचं.

"सर, चाळीस कशाला सांगितलंत हो?"

ती रडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी दारात थांबली. नवी साडी, घट्ट वेणी. "सर, आज गैरहजर लावा. खरंखुरं." आणि गेली.

साडेबाराला वडील आले. आरडाओरडा नाही, काही नाही. बाकावर बसले, हजेरीपट मांडीवर घेतला आणि तिच्या सह्यांवरून बोट फिरवत राहिले.

"एकव खाडो नाय," हळू म्हणाले. "मगे आज खंय आसा ता?"

ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. त्या हळू आवाजापुढे मी सांगून टाकलं. कॉलेज, गल्ली, मजला, सगळं. त्यांनी हजेरीपट नीट मिटला, टोपी घातली आणि जिना उतरले.

पुढचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तिच्या आधी दोनच नंबर उरले होते. वडील दारात येऊन उभे राहिले. तिने मांडीवरचा तंबोरा मैत्रिणीकडे दिला आणि त्यांच्या मागून चालू लागली. त्याच आठवड्यात तिला गावी, कणकवलीकडे नेलं. उन्हाळ्यात लग्न लावलं. पुढचं कुणाला माहीत नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.

क्लास बंद केला तेव्हा मशिनं विकली, तो हजेरीपट तेवढा ठेवला. रोजची तिची घाईची सही आहे. त्या सोमवारचा रकाना कोरा आहे. गैरहजर लावा म्हणाली होती. अजून माझा हात होत नाही.