वाघजाईच्या सोंडेवर डंपी लेव्हल

दामले साहेब खडकाला मिठी मारून बसले होते. साधीसुधी मिठी नव्हे. सासरी निघालेली पोरसुद्धा आईला एवढं घट्ट धरत नाही. डोळे मिटलेले, हॅट कानापर्यंत ओढलेली, आणि तोंडाने एकच चाललेलं, "काळे, तुम्ही पुढे व्हा. मी इथे बरा आहे."

इथे म्हणजे वाघजाईच्या डोंगराच्या सोंडेवर. अकोले तालुक्यात डोंगरांना तोटा नाही, पण हा डोंगर देवाने रागाच्या भरात उभा केला असावा. सोंडेच्या दोन्ही अंगांना असा उतार, की वरून दगड सोडला तर तो खाली पोचेपर्यंत माणसाची एक डुलकी व्हावी. समोर शेवटचा चढ आणि त्यावर वाघजाईचं छोटं देऊळ. देवळावरचा फडका आम्हाला दिसत होता. साहेबांना दिसत नव्हता, कारण त्यांनी डोळे उघडायचं बंद केलं होतं.

दामले साहेब आमच्या कालव्याच्या सब-डिव्हिजनचे डेप्युटी इंजिनियर. मी काळे, त्यांच्या हाताखालचा ओव्हरसियर. साहेबांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कालव्याचा माणूस सपाटीचा. कालव्याला उतार लागतो, पण किती, तर हजार पावलं चालल्यावर वीतभर खाली. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही, फक्त पाण्याला कळतो आणि दामले साहेबांना कळायचा. अशा माणसाला डोंगराशी काय घेणं. डोंगर आडवा आला की ते कालवा वळवून नेत आणि डोंगराकडे पुन्हा बघत नसत.

पण त्या हिवाळ्यात त्यांची बदली विदर्भात झाली. दुष्काळी कामं जोरात होती, आमच्या कालव्यावर गावंच्या गावं खोदायला लोटली होती. आखणी साहेबांची, एकेक खुंटी त्यांच्या डोळ्यासमोर ठोकलेली. पण पाणी सुटेल तेव्हा साहेब तिथे नसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बदलीचा हुकूम आला त्या दिवशी ते चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "काळे, कालव्याची पूर्ण लाइन मी एकदाही एका नजरेत पाहिलेली नाही. तुकड्यातुकड्यानेच पाहिली."

"वाघजाईवरनं दिसती सायेब सगळी," आमचा हेड खलाशी सखाराम भांगरे बोलून गेला. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. आमच्याकडे सर्व्हेला जो माणूस सामान वाहतो, खुंट्या ठोकतो, पट्टी धरतो, तो खलाशी. सखाराम त्याच डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला. त्याचा आवाज असा, की तो वाडीत खोकला की नेवाशात कुणीतरी वळून बघत असेल.

झालं. रविवारी साहेबांना निरोप म्हणून डोंगर, आणि खाली उतरलं की सखारामच्या घरी कोंबडा आणि तांदळाच्या भाकरी. चौघं निघालो. साहेब, मी, सखाराम, आणि आमचा ट्रेसर नाना शेलार. ट्रेसर म्हणजे नकाशे गिरवणारा. नाना आला तो कोंबड्यासाठी. तसं त्याने सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं.

ऑफिसात कुणाकडे दुर्बीण नव्हती. म्हणून साहेबांनी हुकूम केला, "डंपी लेव्हल घ्या. तिच्यातून लाइन बघू." डंपी लेव्हल हे आमचं जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र. तिवईवर बसवलेली पितळी दुर्बीण आणि तिच्या अंगावर काचेची नळी. नळीत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात एक बुडबुडा. त्याला आम्ही बबल म्हणतो. बबल बरोबर मध्ये आला की यंत्र सपाट झालं असं समजायचं. मध्ये नसेल तर सगळं मोजमाप खोटं. सोबत आकडे लिहिलेली उंच लाकडी पट्टी असते, तिला स्टाफ म्हणतात. स्टाफची त्या दिवशी गरज नव्हती. तो सखारामने पाण्याची कळशी टांगून खांद्यावर न्यायला घेतला होता.

"सरकारी स्टाफ आहे तो," साहेब वाटेत दोनदा म्हणाले.

"पानीबी सरकारीच हाय सायेब, कॅम्पावरचं," सखाराम म्हणाला.

सोंडेपर्यंत साहेब छान चढले. मग वाट अरुंद झाली, साहेबांनी चुकून एकदा डावीकडे पाहिलं आणि त्या खडकाला मिठी मारली.

"मी उचलून नेतो. पाठीवर बसा," सखाराम म्हणाला.

"मी क्लास टू ऑफिसर आहे," साहेब डोळे मिटून म्हणाले. "पाठुंगळी बसणार नाही."

"मग खाली जाऊ," नाना म्हणाला. "कालवा काय, नकाशावर मी रोज बघतो. कोंबडा मात्र एकदाच शिजतो."

"तुमी गप बसा," सखाराम त्याच्यावर गुरकावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊसाहेब, सायेब असंच गेलं तर मनात ऱ्हाईल त्यांच्या. कायतरी करा की."

हा सखाराम एरवी साहेबांच्या नावाने बोटं मोडायचा. भर उन्हात एका खुंटीसाठी त्याला चार वेळा मागे पळवलेलं. पण त्याचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं. साहेब शिस्तीचे कडक, पण खलाशाच्या ताटात भाकरी आहे का हे बघितल्याशिवाय स्वतः जेवायला बसत नसत.

मी विचार केला. या माणसाला वाघ दाखवून उपयोग नाही, तो खडकाला आणखी घट्ट धरेल. समजूत घालून उपयोग नाही, ती मघापासून चालू होती. साहेबांना आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नसे.

मी खडकापासून थोडं वर तिवई रोवली आणि डंपी लेव्हल चढवली. सखारामला म्हटलं, "साहेबांच्या खडकावर खूण कर आणि स्टाफ धर." रंग कुणी आणला नव्हता. सखारामने देवीसाठी घेतलेली शेंदराची पुडी सोडली आणि साहेबांच्या कोपराशेजारी ठळक फुली काढली. कळशी नानाकडे दिली आणि फुलीवर स्टाफ उभा केला.

मी दुर्बिणीला डोळा लावला आणि मोठ्याने आकडा वाचला. बबल मी मुद्दाम पार एका टोकाला घालवला होता.

साहेबांचे डोळे किलकिले झाले. "काळे, काय चाललंय?"

"लेव्हल घेतोय साहेब. आलोच आहोत तर देवळाची उंची काढू."

"बबल बघितला?"

"बघितला. साधारण मध्येच आहे."

"साधारण?" साहेबांचा एक हात खडकावरून सुटला. "साधारण म्हणजे काय? बबल मध्ये असतो किंवा नसतो."

"असू दे साहेब. डोंगरावर कोण तपासायला येतंय."

दुसरा हात सुटला. साहेब चार पायांवर रांगत वर आले, तिवई धरून उभे राहिले आणि बबल पाहिला. मी अफरातफर करताना सापडलो असतो तरी त्यांनी माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं नसतं. "बाजूला व्हा," एवढंच म्हणाले. स्क्रू फिरवून बबल मध्ये आणला, डोळा लावला आणि स्वतः आकडा वाचला. मग सवयीने ओरडले, "सखाराम, पुढे."

इथे आमच्या कामाची रीत सांगायला हवी. आधी यंत्रातून मागे, माहीत असलेल्या खुणेवर पाहायचं. मग खलाशी स्टाफ घेऊन पुढे जातो, त्याच्यावर पाहायचं. मग यंत्र उचलून त्याच्याही पुढे न्यायचं आणि पुन्हा मागे पाहायचं. असं टप्प्याटप्प्याने. आणि वाटेत काम सोडायचं नाही. सोडायचं तर एखाद्या पक्क्या, न हलणाऱ्या जागी. सुट्या दगडांच्या चढावर अशी जागा एकच होती, देवळाची पायरी.

सखाराम बिलंदर. प्रत्येक टप्प्याला तो स्टाफ जमेल तितका वर नेऊन धरी. साहेब त्याच्यामागे यंत्र नेत. तिवई रोवायची, बबल आणायचा, डोळा लावायचा. आजूबाजूला बघायला सवड कुठली? शिवाय त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. सखाराम आभाळाला पाय लावून वटवाघळासारखा लोंबकळताना दिसायचा आणि माथा दिसायचा खाली. माझा आजही दावा आहे, की साहेब तो डोंगर चढले नाहीत, ते आपल्या समजुतीने उतरत उतरत वर पोचले.

देवळाच्या पायरीवर शेवटचा आकडा वाचून त्यांनी मान वर केली, तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. दोन्ही अंगांना नुसतं आभाळ. साहेब पायरीवर मटकन बसले. पण या वेळी डोळे उघडे होते.

"दाखवा लाइन," ते म्हणाले.

सखारामने बोट दाखवलं. खूप खाली, पिवळ्या गवतातून आणि करपलेल्या वावरांतून, ताज्या मुरुमाची एक तांबडी रेघ गेली होती. साहेबांचा चष्मा जुना. "मला नीट दिसत नाही. लेव्हल लावा."

मी लेव्हल लावली, साहेबांनी डोळा लावला आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. डंपी लेव्हल वर-खाली वळत नाही. ती फक्त समोर, आडवी बघते. तिचं कामच ते. आयुष्य तिच्यामागे घालवलेली तीन माणसं ती दुर्बीण म्हणून डोंगरावर घेऊन आली होती आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तिच्यातून फक्त कळसूबाईच्या बाजूचं आभाळ दिसत होतं.

नाना हसणार होता. सखारामने त्याच्याकडे पाहिलं. तो हसला नाही.

साहेबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. मग हळूच म्हणाले, "सखाराम, पुढचा पाय उतारावर खाली घे."

"सायेब, वाकडं हुईल."

"होऊ दे."

सखारामने तिवईचा पुढचा पाय खाली घेतला आणि दोन्ही हातांनी तिवई आवळून धरली. दुर्बीण खाली झुकली. बबल नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. दामले साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बराच वेळ ते डोळा लावून होते. मग म्हणाले, "काळे, ते वळण दिसतंय. ठाकरवाडीच्या विहिरीचं."

ती विहीर लाइनीत येत होती. वाडीला दुसरं पाणी नव्हतं. साहेबांनी लाइन वळवली आणि वरच्या ऑफिसने त्यांना फैलावर घेतलं होतं. मीही डोळा लावला. उलट्या जगात तांबडी रेघ सरळ येत होती, एका जागी हलकेच वाकत होती आणि पुन्हा सरळ जात होती.

"छान आलंय," साहेब म्हणाले. "पाणी अडणार नाही." मग चष्मा पुसत बसले. चष्म्यावर धूळ फार होती, असं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

नानाने कळशीतलं पाणी सगळ्यांना दिलं आणि म्हणाला, "चला आता. कोंबडा वाट बघतोय."

साहेब उठले, तिवई सरळ केली, बबल मध्ये आणला. "चला. सखाराम, पायरीवर स्टाफ धर."

"आता कशापायी सायेब?"

"काम क्लोज नको करायला? सुरुवातीच्या खुणेवर परत आकडा जुळवल्याशिवाय लेव्हलिंग पुरं होत नाही."

नानाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. माझ्याच युक्तीने माझ्या गळ्यात तिवई आली होती. आम्ही टप्प्याटप्प्याने मोजत खाली आलो. उन्हं कलली, पोटात वणवे पेटले, नाना म्हणतो त्याला वाटेतली करवंदाची जाळी कोंबड्यासारखी दिसायला लागली होती. शेवटी शेंदराच्या फुलीवर स्टाफ लागला. साहेबांनी हिशेब केला. चूक निघाली ती बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

"बघा," साहेब म्हणाले आणि राहिलेली सोंड भराभर उतरून गेले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुठे काही धरलं नाही.

सखारामच्या घरी पोचलो तेव्हा पाहुण्यांची वाट बघून कोंबडा दोन वेळा गरम झाला होता आणि त्याचा दोरखंड झाला होता. साहेब एक तंगडी चावत बसले. चावता चावता मला म्हणाले, "काळे, पुढल्या वेळी बबल चुकवाल तेव्हा जरा बेताने चुकवा. इतका तर आंधळाही चुकवत नाही."

सखाराम ठसक्याने बेजार झाला.

पुढे कालव्याला पाणी आलं. त्या वळणावर ते अडलं नाही. तो खडकही आहे. शेंदूर दिसला की आपल्याकडे हात आपोआप जोडले जातात. वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, तो घाबरलेल्यांना डोंगर चढवणारा देव आहे म्हणतात. मी त्यांची समजूत घालायला जात नाही. त्यांचं फारसं चुकलेलं नाही.

मी मात्र त्यातून दोन गोष्टी शिकलो. साहेबांना वर न्यायचं असेल तर त्यांना माथा दाखवू नये, आपली चूक दाखवावी. आणि जेवण आधी उरकून घ्यावं.