मऊ करायला दिलेली चादर

आमचे मामंजी कोणाच्याही घरी गेले तरी आधी अंथरुणाला हात लावून बघत. घरचे लोक पाणी विचारत, तोवर यांनी गादीवरच्या चादरीचं टोक चिमटीत धरून चोळलेलं असे. मग सासूबाईंच्या कानाशी लागून सांगत, "नुसती खळ आहे. दोन धुण्यांत जाळी होईल." मला बघायला आमच्या गावी आले तेव्हाही असंच झालं. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. बसायला घातलेली चादर मात्र उलटून पाहिली आणि "ही कोणी धुतली?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, "हिनंच." सासूबाई म्हणाल्या, "अहो, मुलगी बघायला आलोय आपण, चादर नव्हे!" लग्न मात्र तेवढ्यावर ठरलं, असं म्हणून त्या मला पुढे कितीतरी वर्षं चिडवत.

मामंजी बऱ्हाणपुरात एका कापडाच्या आडतीवर मुनीम होते. दिवसभर ठाणंच्या ठाणं डोळ्यांखालून जात, पण घरची चादर ते विणकर बशीरचाचांच्या हातमागावरूनच आणत. आधी उन्हात धरून वीण बघायची, मग तिरकी ताणायची, मधला जोड नखानं तपासायचा आणि शेवटी कोपरा जिभेला लावून ओला करायचा. खळ किती आहे ते त्यावरून कळतं म्हणे. बशीरचाचा हसून म्हणत, "मुनीमजी, नमक बराबर है ना?" मामंजीही म्हणत, "जरा ज्यादा है, मियाँ." मग दोघं चहा पीत बसत.

घरात चादरी धुण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती आणि माझा स्वभाव तर असा, की रीत नसती तरी मी बोलले नसते. मामंजीही माझ्याकडे बघून बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून म्हणत, "सोड्यानं सूत जळतं. रिठा बरा." किंवा, "चादर उन्हात वाळवली की रंग उडतो. सावलीत घालावी." कधी, "घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडावी, नाहीतर चादर घडीवरच फाटते." मी दाराआड उभी राहून ऐकायची आणि तसं करायची. सासूबाई म्हणत, "त्या भिंतीला आता सगळं येतं. तिलाच धुवायला सांगा."

त्यांचा एक नियम मात्र मला सुरुवातीला उलटा वाटे. कोरी चादर कधी पाहुण्याला द्यायची नाही. नवी चादर टोचते, अंगाखाली कागदासारखी वाजते. ती घरच्या माणसानं वापरायची, धुवायची, पुन्हा वापरायची आणि पुरती मऊ झाली की कडुनिंबाचा पाला घालून पाहुण्यांच्या पेटीत ठेवायची. स्वतः मामंजी जन्मभर कोऱ्या चादरींवर झोपले. एक मऊ झाली की पेटीत आणि त्यांच्या खाली पुन्हा नवी.

माझं माहेर सोयगावकडे, निजामाच्या राज्यात. देश स्वतंत्र झाला पण आमचा तो मुलूख झाला नाही. तिथे जाळपोळ सुरू झाली. भाऊ निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या छावणीत गेला होता, वडील आधीच वारलेले. एका उन्हाळ्यात शेजारच्या लोकांबरोबर आई बैलगाडीनं, मग रेल्वेनं, नेसत्या लुगड्यानिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड वाटणारी ती बाई. मला भीती वाटली ती अशी, की हिला आता इथे कोणत्या नात्यानं राहू देतील? आणि राहू दिलं तरी ही राहील का?

मामंजींनी पेटी उघडली आणि सगळ्यांत मऊ, निळ्या किनारीची चादर काढून दिली. आईनं ती दोन्ही हातांनी घेतली, जसा प्रसाद घ्यावा.

पुढे रोज सकाळी मी जायच्या आधीच आईनं अंथरूण झटकून ठेवलेलं असे. मला वाटलं, सवय आहे तिची. एक दिवस मामंजी ओसरीवरून जाताना थांबले. घडी केलेली चादर त्यांनी उलगडली, हात फिरवला, नाकाशी नेली आणि भिंतीला म्हणाले, "या चादरीवर कोणी झोपलेलंच नाही."

आई गोरीमोरी झाली. ती रोज चादर बाजूला ठेवून नुसत्या जमिनीवर पदर अंथरून झोपत होती. "खराब होईल, दादा," ती म्हणाली. "आणि पाहुणचार तरी किती दिवस घ्यावा? परवा तिकडची माणसं छावणीत जाणार आहेत. मीही जाते त्यांच्याबरोबर. पोरगा आहे तिथं." त्या छावणीत बायकांना राहायला धड आडोसा नव्हता. पण मी दाराआडच उभी राहिले. मामंजी बाहेर पडले.

त्या दिवसांत आमच्या आळीतले लोक बशीरचाचांच्या मोहल्ल्याकडे फिरकत नव्हते. मामंजी मात्र तिकडेच गेले. संध्याकाळी काखेत एक कोरी चादर घेऊन आले. जाड सूत, लाल किनार, खळीनं पुठ्ठ्यासारखी ताठ. निळी चादर उचलून त्यांनी पेटीत ठेवली. मला वाटलं, झालं, पाहुणचार संपला. मग त्यांनी ती कोरी चादर आईपुढे ठेवली.

"विहीणबाई, एक काम होतं. ही मऊ करून द्या. माझ्याच्यानं दोन-दोन होत नाहीत आता."

आई चादरीकडे बघत राहिली. "किती दिवस लागतील, दादा?"

"त्याची घाई करून चालत नाही. अंगाखाली रोज पाहिजे. पावसाळा तर जाईलच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "बघा हं विहीणबाई, फार टोचते. मी अजून यांना शिव्या देते."

आई हसली. आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून ती त्या चादरीवर झोपली. सकाळी मला पाठ दाखवून म्हणायची, "बघ ग, वळ उठले की नाही?" आणि ते सांगतानाही तिच्या आवाजात काम मिळालेल्या माणसाचा तोरा असायचा. घरच्यासारखी ती पोळ्या लाटायला बसू लागली.

भाद्रपदात तिकडचं राज्य गेलं. दिवाळीत भाऊ आईला न्यायला आला. गावचं घर लुटलेलं होतं, पण भिंती उभ्या होत्या. आईनं चादर रिठ्यानं धुतली, सावलीत वाळवली आणि मामंजींपुढे ठेवली. त्यांनी टोक चोळलं. मला वाटतं ती तेव्हाच मऊ झाली होती. पण ते म्हणाले, "छे. अर्धीच झालीय. राहिलेलं काम घरी घेऊन जा. झाली की आणून द्या."

रिकाम्या घरात अंथरायला आईकडे तेवढीच एक चादर होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती आणून दिली तेव्हा आई पाहुणी म्हणून आली. मामंजींनी तिला निळी चादर दिली आणि ती त्या रात्री चादरीवर झोपली. लाल किनारीची पेटीत गेली. कोणत्याच पाहुण्याला मात्र ती कधी निघाली नाही.

मामंजी अगदी थकले तेव्हा आई नव्हती, सासूबाईही गेल्या होत्या. त्यांच्या अंगाला कोरी चादर सोसेना. कुशीवर वळताना कण्हत. मी पेटीतून लाल किनारीची काढून त्यांच्या खाली घातली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण बोटांनी टोक शोधलं, चिमटीत धरून चोळलं आणि भिंतीला विचारलं, "ही पाहुण्यांची. मला कशाला?"

खोलीत उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

"असू द्या," मी म्हणाले. "आईची आहे."

त्यांनी चिमूट सोडली आणि सगळा तळहात चादरीवर ठेवला. मग मान वळवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मलाच विचारलं, "सावलीत वाळवली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.