रक्तालेच देऊन राहिली

"आत्या गेली," भावाचा सौसरहून फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यात शाळेत शिकवत होते. पहिला विचार दुःखाचा नव्हता. जिची आशा ती वयात येण्याआधीच डॉक्टरांनी सोडली होती, ती नगरपालिकेची पेन्शन खाऊन, साठी ओलांडून गेली होती... मनात आलं, जिंकली!

आत्याला सिकलसेल होता. आईबापाकडून रक्तातून येणारा आजार. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडं आतून ठणकतात. तिचा धाकटा भाऊ त्यातच लहानपणी गेला. लोक म्हणाले, बाहेरचं काही लागलं. आत्याला ते कधी पटलं नाही. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा तिने स्वतःच सांगून टाकलं, "मले सिकलसेल आहे. आधी पोराचं रक्त तपासा, मंग पुढचं बोला." पाहुणे उठून गेले. ती पोहे संपवत बसली. पुढे नात्यात कुठे सोयरीक जुळली की ही तिथे हजर. "रक्त तपासलं का?" लोकांनी बोलावणं बंद केलं, तरी ही जायचीच.

पगारातून तिने मोहगावकडे संत्र्याची लहानशी बाग घेतली होती. गेल्या दिवाळीत सगळ्यांना घरी बोलावून तिने जाहीर केलं की बाग आणि घर, दोन्ही तिच्यामागे नागपूरच्या सिकलसेल संशोधन संस्थेला जातील. मृत्युपत्र झालं होतं, आणि ते अमलात आणायची जबाबदारी माझ्यावर होती. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, ताडकन उठले.

"घरची लेकरं सोडून परक्यायले देऊन राहिली? रक्ताच्या माणसाले द्यावं लागते!"

"मंग रक्तालेच तर देऊन राहिली, दादा," आत्या म्हणाली.

आत्या गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पंगत उठली, आणि बाबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं वकिलाशी बोलणं झालं होतं. "तू फक्त एवढं लिहून दे, गोळ्यायनं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"बाबा, आपल्या सगळ्यायमंदी तिचंच डोकं ठिकाणावर होतं."

त्यांनी मला घरातून जायला सांगितलं. मी गेले. कागदपत्रं पूर्ण केली, ज्याचं त्याला सोपवलं. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. तिच्या रक्तातल्या दुखण्यावर उपाय त्या संस्थेत सापडेल की आणखी कुठे, की माझ्या हयातीत सापडणारच नाही, मला ठाऊक नाही. पण ज्या आजाराला आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या नशीब म्हटलं, त्याच्या अंगावर आमच्यातली एक बाई आपलं सगळं घेऊन धावून गेली. तिला वेडी ठरवणारी सही माझ्या हातून होणार नव्हती.

घराची किल्ली संस्थेला देण्याआधी तिच्या खोलीत गेले. पलंगाच्या दांडीला शेकायची लाल रबरी पिशवी लटकत होती. दुखणं उठलं की ती पिशवी पोटऱ्यांखाली घ्यायची आणि टीव्हीवर कुस्ती लावायची. घामाने चिंब, दात आवळलेले, तरी ओरडायची, "पाड त्याले! पाड!" हे ती पैलवानाला सांगायची की स्वतःला... मी कधी विचारलं नाही.

घर दिलं, बाग दिली. पिशवी तेवढी घेऊन आले.