हरळीची लावण

आक्काताईंचा आवाज मुळातच मोठा. त्यात गेली अकरा वर्षं गवत कापायच्या मशीनवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे मशीन बंद असलं तरी त्या चार बंगले पलीकडे ऐकू जाईल असंच बोलतात. नागाळा पार्कातल्या एका डॉक्टरीणबाईंनी नवीन असताना घाबरत विचारलं होतं, "आक्काताई, माझं काही चुकलं का?" त्यावर त्या म्हणाल्या, "छ्या! राग आला की मी गप बसतो. बोलतोय म्हंजे सगळं ब्येस हाय."

शाहूवाडीकडच्या एका वाडीतून त्या कोल्हापुरात आल्या त्या नवऱ्यामागून. यल्लाप्पांना एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी लागली आणि मागची खोली राहायला मिळाली. त्या बंगल्याचा माळी एक दिवस न सांगता निघून गेला. गवत घोट्यापर्यंत आलं, मशीन शेडमध्ये पडून. एका रविवारी आक्काताईंनी पदर खोचला आणि मशीनची दोरी ओढली. पहिल्या दिवशी गवताबरोबर मालकिणीची शेवंतीही साफ झाली. पण हात बसला. मग शेजारचा बंगला मिळाला, मग त्याच्या शेजारचा. आज बत्तीस बंगले, दोन बँका आणि मोटारीचं एक शोरूम त्यांच्याकडे आहे. यल्लाप्पांनी वॉचमनकी केव्हाच सोडली. तीनचाकी टेम्पोत मशीन, पाइप, खताची पोती भरायची आणि बायको सांगेल तिथे न्यायची, हे काम ते तोंडातून शब्द न काढता करतात. घरात एक आवाज पुरतो, असं त्यांचं मत असावं.

तर गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पन्हाळा रोडला विजयसिंह म्हणून एकांचं लग्नाचं लॉन आहे, चांगलं पाऊण एकराचं. पावसाळ्यात तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. विजयसिंहांनी आक्काताईंना बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुळशीचं लगीन झालं की आठ दिवसांत पयली तारीख हाय. त्या दिवशी लॉन हिरवंगार दिसलं पायजे. दिसलं, तर वर्षाचं काम तुमचं. न्हाय दिसलं, तर पुण्याची कंपनी तयार बसलिया."

आक्काताईंना एवढं मोठं काम कधीच मिळालं नव्हतं. एकटीच्या आवाक्यातलं नव्हतंच ते. त्यांनी तिथूनच गावाकडे धोंडुबाईंना फोन लावला. धोंडुबाई नात्यानं त्यांच्या चुलत सासूबाई, वय पासष्टच्या पुढे, आणि भांगलणीला, म्हणजे तण खुरपायला, बसल्या की तरण्या बायकांना मागे टाकणाऱ्या. "आत्ती," आक्काताई म्हणाल्या, "पाच बायका घ्या आणि या. ह्ये काम पार पडलं तर वरीसभर हाताला काम देतो. शब्द हाय माझा."

भाताची कापणी अजून लांब होती. पुढच्या सोमवारी मलकापूरच्या एसटीनं सहा बायका आल्या, प्रत्येकीच्या पिशवीत स्वतःचं खुरपं. कदमवाडीतल्या आक्काताईंच्या दोन खोल्यांत सगळ्या दाटीवाटीनं झोपल्या आणि सकाळी सातला लॉनवर हजर झाल्या.

लॉनचा अवतार बघण्यासारखा होता. गाजरगवत, लव्हाळा, कुठे घोळ, कुठे तांदळी, काय नव्हतं त्यात! आक्काताई म्हणाल्या, "त्या भिंतीकडनं सुरुवात करा. सगळं तण मुळासकट काढा, एक काडी ठेवू नका." एवढं बोलून त्या मशीनच्या पात्याला धार लावायला शिरोलीला गेल्या. गर्दी होती. परत यायला साडेदहा वाजले.

टेम्पोतून उतरल्या आणि त्यांचा आवाज बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

भिंतीलगतचा गुंठाभर तुकडा काळाभोर, भुसभुशीत झाला होता. नावाला गवत उरलं नव्हतं. मधूनमधून घोळीची रोपं तेवढी ऐटीत उभी होती. भिंतीला हिरवा ढीग लागला होता आणि धोंडुबाई त्याच्यापाशी उभ्या राहून काड्यापेटी शोधत होत्या.

"आलीस व्हय?" त्या खुशीत म्हणाल्या. "बग गं, आक्के! असली माजलेली हरळी मी जल्मात बगितली न्हाय. पर सोडली न्हाय. एक मूळ ठिवलं न्हाय. आता पेटवून देतो, म्हंजे परत डोकं वर काढायची न्हाय. घोळ तेवढी राखलिया रात्रीच्या भाजीला."

आता ज्यानं शेतात खुरपं धरलंय त्याला सांगायला नको. हरळीचा आणि शेतकऱ्याचा उभा दावा. ऊस असो, शाळू असो, हरळी शिरली की पीक गेलं. बायकांच्या कमरा मोडतात तिच्यापायी. धोंडुबाईंनी पन्नास वर्षं तिला शिव्या घालत उपटलेली. आणि शहरातले लोक तीच हरळी चटईसारखी विकत आणून अंथरतात, तिला खत घालतात, पाणी मारतात, तिच्यासाठी माणूस ठेवतात, हे त्या माउलीला कोण सांगणार? सांगायचं होतं ते आक्काताईंनी. त्याच सांगायला विसरल्या होत्या.

"आत्ती," त्या कशाबशा म्हणाल्या, "हरळी हेच लॉन हाय ओ."

"काय?"

"ह्येच. हेच राखायचं होतं. बाकीचं काढायचं होतं."

धोंडुबाईंनी ढिगाकडे बघितलं, मोकळ्या जमिनीकडे बघितलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "हरळी राखत्यात?" त्या म्हणाल्या. "मुद्दाम?" मग त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, तुजं काम घालवलं की गं मी. तू शब्द दिलास आणि मी त्याच्यावर खुरपं चालवलं."

आक्काताईंना वाईट वाटलं ते याचं. कामाचं नंतर. म्हाताऱ्या बाईनं मन लावून, जीव ओतून केलेलं काम, आणि तिलाच त्याची लाज वाटावी? त्या फाटकन बोलल्या, "तुमची काय चूक? 'तण काढा' म्हणून मीच सांगून गेलतो. मला न्हाय व्हय म्हायती तण म्हंजे काय ते तुमच्याकडं?"

ढिगाजवळ जाऊन त्यांनी एक हिरवी दोरी उचलली. पेरापेराला पांढरी मुळं, अजून ओली. हरळीचं एक पेर मातीत राहिलं तरी ती पुन्हा फुटते, म्हणून तर धोंडुबाई काड्यापेटी शोधत होत्या. आक्काताईंनी ती दोरी त्यांच्यापुढे धरली. धोंडुबाईंनी डोळे पुसले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"पाणी कुटं हाय?" धोंडुबाई उठत म्हणाल्या.

त्यानंतर लॉनवर जे चाललं ते कोल्हापुरातल्या कुठल्याही माळ्यानं बघितलं नसेल. यल्लाप्पांनी पाइप सोडून जमीन भिजवली. बायकांनी हरळीचे तीन-तीन पेरांचे तुकडे केले, ओल्या पोत्यात ठेवले आणि लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून ओळीनं वाकल्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची तीन बोटं मातीत, एक एक पाऊल मागं. भाताची लावण जशी करतात तश्शी. मध्येच एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. दिवस मावळायच्या आत गुंठाभर हरळी लावून झाली. जन्मभर जिला उपटलं तिला हातानं लावताना धोंडुबाई मधूनमधून पुटपुटत होत्या, "मर मेले, जग आता."

आणि ती जगली. आठव्या दिवशी कोंब दिसले. सकाळ-संध्याकाळ पाणी, बारीक चाळलेलं शेणखत, मग हलकासा रूळ. दिवाळीपर्यंत माती झाकत आली. पण ओळी काही मिटेनात. नीट बघितलं की त्या कोपऱ्यात भाताचा वाफा असल्यासारखं दिसायचं. आक्काताईंनी तेवढ्या भागाला दोरी लावली, पुढे झेंडूच्या कुंड्या मांडल्या. विजयसिंहांना सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नव्हतं, जीभ रेटली नव्हती. पोटात काही न राहणाऱ्या बाईनं पाच आठवडे ही गोष्ट पोटात ठेवली, आणि त्या पाच आठवड्यांत त्या दोन किलोनं उतरल्या, असं यल्लाप्पा सांगतात. यल्लाप्पा बोलतात म्हणजे खरंच असणार.

लग्नाचा दिवस उजाडला. पाऊण एकर हिरवंगार. विजयसिंह फेटा बांधून फाटकाशी पाहुण्यांना नमस्कार करत होते आणि लॉनकडे बघून खूश होते. सहा बायका नवी लुगडी नेसून बाजूला उभ्या होत्या. सगळं झ्याक चाललं होतं. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे एक काका, कोल्हापुरी पायताण घातलेले, फोटो काढायला दोरी ओलांडून त्या कोपऱ्यात शिरले.

"ओ पावणं!" धोंडुबाईंचा आवाज सनईच्या वर गेला. "भाईर या आदी! कवळी हाय ती हरळी. आमी हातानं लावलिया, एकेक काडी!"

काका बाहेर आले. पण विजयसिंह आत आले. "हातानं लावली?" त्यांनी कुंड्या बाजूला केल्या, वाकून बघितलं. सरळ ओळी, वीतभर अंतर. त्यांनी आक्काताईंकडे मान वळवली. "ही लावण हाय. काय भानगड हाय ही?"

आक्काताईंनी एक मोठा श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. शिरोली, काड्यापेटी, घोळीची भाजी, काहीही मागे ठेवलं नाही. त्यांच्या आवाजात सांगितल्यामुळे निम्म्या वऱ्हाडानंही ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "चूक माझी हाय. ह्या बायकांची न्हाय. काम पुण्याला द्या, पर ह्यांना नावं ठेवू नका."

विजयसिंहांनी पायातलं पायताण काढलं. मग कोवळी हरळी चुकवत ते दोरीच्या बाहेर आले.

"माझी आई हयातभर दुसऱ्याच्या उसात भांगलत होती," ते म्हणाले. "ती आज असती, तर तिनं सगळं पाऊण एकर उपाटलं असतं."

मग ते धोंडुबाईंच्या पाया पडले, फेट्यासकट, आणि म्हणाले, "मावशी, जेवल्याबिगर जाऊ नका. आणि उद्या सकाळी लवकर या. मांडव उठला की लई काम पडणार हाय."